मुंबई–मालवण: नकाशावरचं अंतर, विमानाचा वेळ आणि घरापासून घरापर्यंतचे तास

प्रश्न बोरिवलीला राहणाऱ्या एका ताईंचा आहे. माहेर मालवण तालुक्यात, कट्ट्याला. आई तिथे एकट्याच राहतात, वय पंचाहत्तरच्या पुढे. डोळ्याच्या पडद्याच्या ऑपरेशनसाठी आईंना जुलैमध्ये मुंबईला आणायचं आहे आणि चवथीच्या आधी परत गावी सोडायचं आहे. ताई विचारतात: "काका, मुंबई ते सिंधुदुर्ग अंतर कुठे ३५० किलोमीटर दाखवतात, कुठे ५००. जेट विमान ताशी आठशे किलोमीटरने जातं म्हणतात, म्हणजे अर्ध्या तासात पोचायला हवं. तिकिटावर मात्र सव्वा तास असतो. यातलं खरं कुठलं? आणि आईला विमानाने आणू की रेल्वेने?"

ताई, माझी सगळी नोकरी विमान कंपनीच्या ऑपरेशन्स कंट्रोलमध्ये, फ्लाइट डिस्पॅचर म्हणून झाली. विमान सुटण्याआधी त्याचा मार्ग, इंधन, हवामान आणि वेळ कागदावर मांडायचं हे काम. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तरच देतो, कारण अंतराला वेगाने भागून विमानाचा वेळ काढायची सवय सगळ्यांनाच असते आणि मुंबई–कोकण एवढ्या जवळच्या प्रवासात ती हमखास फसवते.

आधी अंतर. तुम्ही पाहिलेले दोन्ही आकडे बरोबर आहेत. ३५० हे विमानतळ ते विमानतळ सरळ रेषेतलं अंतर आहे आणि ५०० हे रस्त्याचं. सरळ रेषेचं अंतर तुम्ही घरी बसून काढू शकता. मुंबई विमानतळ साधारण १९.०९ अक्षांशावर आणि ७२.८७ रेखांशावर आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातला चिपीचा विमानतळ १६.०० अक्षांश आणि ७३.५३ रेखांशाच्या आसपास. उत्तर–दक्षिण फरक ३.०९ अंशांचा. एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, म्हणून ३४३ किलोमीटर. पूर्व–पश्चिम फरक ०.६६ अंशांचा. आपल्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश १०६ किलोमीटरच्या आसपास भरतो, म्हणून ७०. आता शाळेतला पायथागोरस: ३४३ चा वर्ग अधिक ७० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ३५०. एवढ्या छोट्या पल्ल्याला पृथ्वीच्या गोलाईचा वेगळा हिशेब करावा लागत नाही. हाच हिशेब गोव्यातल्या मोपा विमानतळासाठी केला तर ३८५ च्या आसपास येतो आणि गोव्यातल्याच दाबोळीसाठी ४२४.

नकाशावर पट्टी ठेवून मुंबई ते चिपी रेघ ओढून बघा. ती अलिबाग आणि मुरूडच्या थोडी आतून जाते, दापोली, गुहागर आणि रत्नागिरीच्या जवळजवळ डोक्यावरून जाते आणि देवगडच्या किंचित पूर्वेकडून खाली उतरते. म्हणजे किनाऱ्याला लागूनच. तेवढ्याच भागात जमिनीवरून जायचं तर बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग अशा खाड्या आडव्या येतात. खाडी मुखाशी रुंद असते, म्हणून मुंबई–गोवा महामार्ग, म्हणजे आताचा राष्ट्रीय महामार्ग ६६, किनारा सोडून सह्याद्रीच्या पायथ्याने जातो, नद्या जिथे अरुंद आहेत तिथे त्या ओलांडतो आणि मधे कशेडी, परशुराम असे घाट घेतो. शिवाय मुंबईतून बाहेर पडतानाच आधी पूर्वेला पनवेलपर्यंत जावं लागतं. या सगळ्यात ३५० चे पाचशेच्या आसपास होतात. रत्नागिरीचंही तसंच: सरळ रेषेत मुंबईपासून २३५–२४० किलोमीटर, रस्त्याने ३४० च्या घरात. कोकणासाठी सरळ अंतराच्या दीडपटीला जरा कमी एवढा रस्ता धरला की अंदाज सहसा चुकत नाही. सागरी मार्गाने, फेरीबोटींत गाडी घालून बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ असं येणारे हौशी लोक आहेत. प्रवास फार सुंदर आहे, पण त्याचे तास मोजायचे नसतात आणि आजारी माणसाला त्या वाटेने आणायचं नसतं.

अंतरं वेगवेगळी दिसण्याचं आणखी एक साधं कारण आहे. सिंधुदुर्ग नावाचा किल्ला मालवणच्या समुद्रात आहे, सिंधुदुर्ग नावाचं रेल्वे स्टेशन ओरोसला आहे आणि सिंधुदुर्ग विमानतळ वेंगुर्ला तालुक्यात परुळे–चिपीला आहे. शोधताना नुसतं "सिंधुदुर्ग" टाकलं की मशीन यातलं कुठलंही एक धरतं. तुम्ही नेहमी गावाचं नाव टाका: कट्टा, कुडाळ, कणकवली. कट्ट्याला जायचं तर चिपी, कुडाळ स्टेशन आणि कणकवली स्टेशन यांतलं प्रत्येक ठिकाण वेगळ्या दिशेला आहे आणि तिथून घरी पोचायचा वेळही वेगळा.

आता विमानाचा वेळ. ३५० ला ८०० ने भागलं की सव्वीस मिनिटं येतात. पण ८०० हा वेग विमान वर, तीस-पस्तीस हजार फुटांवर गेल्यावरचा आहे. दहा हजार फुटांच्या खाली २५० नॉट, म्हणजे ताशी ४६० किलोमीटरच्या आसपास, एवढीच मर्यादा सहसा पाळावी लागते. उतरण्याचा आमचा एक ठोकताळा आहे: दर हजार फुटांना तीन सागरी मैल, आणि शिवाय वेग कमी करायला दहा मैल. म्हणजे तीस हजार फुटांवरून उतरायचं असेल तर उतरणं शंभर सागरी मैल आधी, किलोमीटरमध्ये १८५ आधी सुरू करावं लागतं. चढायलाही दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटर जातात. मुंबई–दाबोळी ४२४ किलोमीटरमधून हे दोन्ही वजा करा. सपाट उड्डाणाला उरतात साठ-सत्तर-ऐंशी किलोमीटर, पाच-सहा मिनिटं. हवाई सुंदरी चहा-पाण्याची घाई का करते, सीट बेल्टचा दिवा विझतो न विझतो तोच पुन्हा का लागतो, ते यावरून लक्षात येईल. चिपीला तर सरळ अंतर याहून कमी, तिथे जेटला तो वेग लाभतच नाही.

म्हणून मुंबईहून चिपीला सेवा सुरू झाली ती एटीआर ७२ या पंख्यांच्या विमानाने. ९ ऑक्टोबर २०२१ ला विमानतळाचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी पहिलं विमान उतरलं. एटीआरचा वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जेटचा वेग त्याच्या दीड पटीहून जास्त. पण त्याला फार वर जावं लागत नाही आणि छोट्या पल्ल्यात त्याचा जेटशी फरक दहा-पंधरा मिनिटांचाच पडतो. इंधनात मात्र मोठी बचत होते. कोकणासारख्या ठिकाणी हेच विमान योग्य आहे असं माझं ठाम मत आहे. पंख्याचं विमान बघून कुणी नाक मुरडलं की मला वाईट वाटतं.

तरीही हवेत एटीआरला पन्नास-पंचावन्न मिनिटं, जेटला मोपापर्यंत चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात आणि तिकिटावर सव्वा तास, कधी त्याहून जास्त असतो. मधली मिनिटं कुठे जातात?

तिकिटावरची वेळ उड्डाण ते उतरणं अशी नसते. मुंबईच्या थांब्यावर विमानाच्या चाकांपुढचे ठोकळे काढले तेव्हा घड्याळ सुरू होतं आणि दुसऱ्या विमानतळावर पुन्हा ठोकळे लावले की थांबतं. त्यात विमान मागे ढकलणं, इंजिन सुरू करणं, धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, तिथे थांबणं हे सगळं आलं. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून व्यवहारात एका वेळी एकच मुख्य धरून काम चालतं. सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी त्या एका पट्टीवर जवळजवळ दर मिनिट-दीड मिनिटाला एक विमान चढतं किंवा उतरतं. तुमचं विमान थांब्यावरून वेळेवर निघूनही पंधरा-वीस मिनिटं जमिनीवरच असू शकतं. हे कंपन्यांना माहीत असतं, म्हणून वेळापत्रकात ती मिनिटं आधीच धरलेली असतात. ठरल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत पोचलेलं विमान वेळेवर आलं असं धरलं जातं, त्यामुळे वेळापत्रक थोडं सैल ठेवण्याकडे सगळ्यांचाच कल असतो. कधी विमान वीस मिनिटं लवकर पोचतं ते पायलटने वेग वाढवल्यामुळे नव्हे, रांगेत थांबावं न लागल्यामुळे.

दुसरं कारण मी जरा खुलवून सांगतो, कारण ते कोकणापुरतं खास आहे आणि खिडकीतून दिसतं. मुंबईहून गोव्याकडे जाणारं विमान उत्तरेकडून दक्षिणेला येतं. पण चिपी, मोपा, दाबोळी, तिन्ही ठिकाणच्या धावपट्ट्या पूर्व–पश्चिम आहेत. विमानाला वाऱ्याच्या तोंडावर उतरायचं असतं. जुलैत वारा समुद्राकडून, पश्चिमेकडून येतो. म्हणजे विमानाने पश्चिमेकडे तोंड करून उतरायला हवं आणि त्यासाठी त्याला आधी पूर्वेला, सह्याद्रीच्या बाजूला जाऊन वळून यावं लागतं. तुम्हाला खिडकीतून विमानतळ जवळ आलेला दिसतो, समुद्र दिसतो, आणि मग विमान डोंगराकडे तोंड करून निघून जातं. घाबरून जाऊ नका. ते धावपट्टीच्या रेषेवर येण्यासाठी घेतलेलं वळण असतं, त्यात वीस-तीस किलोमीटर आणि पाच-सात मिनिटं जातात. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून वारा असेल तर उलट होतं: विमान समुद्रावर जाऊन वळतं. मुंबईत उतरतानाही हेच, बहुतेक वेळा विमान पूर्वेकडून, ठाण्याच्या खाडीवरून आणि घाटकोपरच्या बाजूने येतं. दक्षिणेकडून आलेल्या विमानाला तिथवर जाऊन मग रांगेत लागावं लागतं. रांग मोठी असेल तर आधीच आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. गोवा–मुंबईची वेळ मुंबई–गोव्यापेक्षा काही वेळा जास्त दिसते ती याच कारणाने.

वाऱ्याचा वेगावर किती परिणाम होतो असं पुष्कळ जण विचारतात. मुंबई–कोकण मार्गाला जवळजवळ नाही, कारण वरचे मोठे वारे पूर्व–पश्चिम वाहतात आणि आपलं विमान उत्तर–दक्षिण जातं. वारा बगलेतून लागतो, पुढून-मागून नाही. रत्नागिरी, दापोली, श्रीवर्धनकडची ज्या घरांतली माणसं आखातात आहेत, त्यांना मात्र हा फरक ठाऊक असतो. मुंबई–दुबई सुमारे १,९३० किलोमीटर. जाताना हिवाळ्यात समोरून वारा, सव्वातीन तास. येताना तोच वारा पाठीशी, पावणेतीन तास किंवा कमीही. तिकिटावर मात्र जाताना पावणेदोन तास आणि येताना सव्वाचार तास असल्यासारखं दिसतं, कारण दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात आणि दुबई आपल्या दीड तास मागे आहे. कुवेत अडीच तास मागे. कोणी आखातातून येणार असेल तर मुंबईहून पुढची रेल्वे पकडण्याचा हिशेब करताना एवढं लक्षात ठेवा.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो: आई घरातून निघाल्यापासून बोरिवलीच्या घरात पोचेपर्यंत किती तास.

चिपी कट्ट्याला सगळ्यात जवळ, गाडीने पाऊण ते एक तास. पण उडान या छोट्या गावांना विमानाने जोडण्याच्या सरकारी योजनेतली सवलत एका मार्गाला तीन वर्षांची असते आणि ती मुदत संपल्यावर मुंबई–चिपी सेवा खंडित झाली. चिपीहून कुठली विमानं उडतात हे मधूनमधून बदलत असतं, तेव्हा तिकीट काढायच्या आठवड्यात विमान कंपनीच्याच संकेतस्थळावर बघा. जुन्या लेखांवर आणि अंतर सांगणाऱ्या पानांवर विसंबू नका, तिथे बंद झालेल्या सेवाही चालू दाखवतात.

भरवशाचा विमानतळ सध्या मोपा. ५ जानेवारी २०२३ पासून तिथून प्रवासी विमानं सुटतात आणि मुंबईला दिवसातून अनेक आहेत. गोव्यात असला तरी पेडणे तालुक्यात, आपल्या हद्दीला लागून आहे. पत्रादेवीला महामार्गाला लागलं की बांदा, झाराप, कुडाळ आणि मग कट्टा, सगळं मिळून पासष्ट-सत्तर किलोमीटर. जुलैच्या पावसात दीड ते पावणेदोन तास धरा. दाबोळीचा विचार तुमच्यासाठी करू नका, तिथून येण्या-जाण्यात आणखी दीड तास घालवायचं कारण नाही.

म्हणजे हिशेब असा: घर ते मोपा पावणेदोन तास, विमानाआधी दोन तास तिथे पोचणं, विमानाचा सव्वा तास, मुंबईत बाहेर पडून सामान मिळेपर्यंत अर्धा तास, तिथून बोरिवली तासभर. साडेसहा तास. या साडेसहा तासांत विमान हवेत पाऊण तास असतं. म्हणून जेट की एटीआर, ३५० की ३८५, याने तुमच्या प्रवासाला काही फरक पडत नाही. फरक पडतो मुंबईत कुठल्या टर्मिनलवर उतरणार, किती वाजता उतरणार आणि अंधेरीच्या गर्दीत सापडणार की नाही याने. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, निदान ४८ तास आधी. ती सेवा मोफत आहे आणि व्हीलचेअरवरच्या माणसाला सुरक्षा तपासणीची रांग लावावी लागत नाही, हा मोठा आराम आहे. चेक-इनचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो आणि बोर्डिंग गेट पंचवीस मिनिटं आधी. गावाकडची माणसं "विमान अकराचं, साडेदहाला पोचू" असं म्हणतात तेव्हा माझा जीव खाली-वर होतो.

रेल्वेने: कोकणकन्या संध्याकाळी मडगावहून सुटते, रात्रीच्या जेवणाच्या वेळेला कुडाळला मिळते आणि पहाटे मुंबईत पोचते. तुतारी सावंतवाडीहून निघून सकाळी दादरला. ठाण्याला उतरून घोडबंदरमार्गे बोरिवली पहाटे तासाभरात गाठता येते. तास मोजले तर दहा-अकरा, पण त्यातले सात-आठ आई झोपलेल्या असतील. वंदे भारत एरवी सीएसएमटी–मडगाव पावणेआठ तासांत जाते आणि कणकवलीला थांबते. पण जुलैत कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, दरडींच्या भीतीने गाड्यांचा वेग कमी ठेवलेला असतो आणि वंदे भारतच्या फेऱ्याही कमी असतात. पावसाळी वेळापत्रकात येताना-जाताना स्टेशनवरच्या वेळाही बदलतात, तेव्हा नेहमीची म्हणून पाठ असलेली वेळ धरून स्टेशनवर जाऊ नका. २०२४ पासून वांद्रे–मडगाव गाडी आठवड्यातून दोनदा बोरिवली, वसईमार्गे जाते. तुमच्या दाराशी थांबते, पण दिवसभर बसवते. आईंच्या वयाला मी ती सुचवणार नाही.

पावसाळ्यात विमानाचा एक धोका नीट समजून घ्या. कोकणातल्या पावसात ढग खूप खाली येतात. ठरलेल्या उंचीपर्यंत उतरून पायलटला धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत तर त्याने वर जायचंच असतं, तिथे त्याचा इलाज नसतो. मग तो पुन्हा प्रयत्न करतो किंवा दुसऱ्या विमानतळावर जातो. दुसरा विमानतळ कुठला ते आम्ही निघण्याआधी ठरवतो आणि तिथवर पुरेल एवढं इंधन, वर अर्धा तास घिरट्यांचं इंधन भरतो. मोपाला जाणाऱ्या विमानाला दाबोळी जवळ पडतं खरं, पण जुलैत मोपाला जे ढग तेच दाबोळीलाही. म्हणून घाटमाथ्यापलीकडचा किंवा लांबचा विमानतळ हाताशी ठेवणं शहाणपणाचं. प्रवाशांच्या दृष्टीने याचा अर्थ असा की मोपाला उतरायचं विमान हैदराबादला किंवा परत मुंबईला जाऊ शकतं. पायलटने तसं केलं तर त्याच्यावर रागावू नका, त्याने आपलं काम बरोबर केलं आहे.

म्हणून जुलैत विमान निवडताना दिवसाचं शेवटचं विमान घेऊ नका. सकाळचं किंवा दुपारचं घ्या, म्हणजे रद्द झालं तर त्याच दिवशी पुढचं हाताशी असतं. आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी निघू नका. मधे दोन दिवस तरी मोकळे ठेवा, विमान असो की रेल्वे. दरड कोसळली तर कोकण रेल्वेही अडकते.

येण्यासाठी माझं मत विचाराल तर: आईंना रात्री झोप लागत असेल आणि खालचा बर्थ मिळत असेल तर कोकणकन्या. पायऱ्या चढणं, पहाटे उतरणं जमत नसेल तर मोपाहून दुपारचं विमान आणि व्हीलचेअर. दोन्ही चांगले, यात चूक-बरोबर नाही.

परतीचं मात्र तसं नाही, आणि हे उत्तर एवढं लांबवण्याचं खरं कारण हेच आहे. पडद्याच्या काही ऑपरेशनांत डॉक्टर डोळ्यात वायूचा बुडबुडा भरतात. तो पडद्याला आतून दाबून धरतो आणि हळूहळू आपोआप विरतो. कुठला वायू वापरला त्यावर दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो. विमानात हवेचा दाब जमिनीइतका नसतो. केबिनमधला दाब पाच-सहा हजार, जास्तीत जास्त आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा राखलेला असतो. दाब कमी झाला की वायू फुगतो. डोळ्यातला बुडबुडा फुगला तर डोळ्यातला दाब झपाट्याने वाढतो, असह्य दुखतं आणि नजर कायमची जाऊ शकते. बुडबुडा पूर्ण विरला असं डॉक्टरांनी तपासून सांगेपर्यंत विमानात बसायचं नाही. पाऊण तासाचंच विमान आहे, असा विचारही मनात आणू नका. विमान उडाल्यापासून पंधरा-वीस मिनिटांत ते वर पोचतं आणि तेवढा वेळ पुरे होतो.

हाच नियम घाटांनाही कमी-जास्त लागू आहे. हल्ली महामार्गाचं काम टाळायला पुष्कळ जण मुंबईहून एक्स्प्रेसवेने खंडाळा चढून, कोल्हापूरवरून फोंडा किंवा आंबोलीने खाली उतरतात. डोळ्यात वायू असताना आईंना त्या वाटेने आणू नका. कोकण रेल्वे सह्याद्री चढत नाही, पायथ्यापायथ्याने जाते, म्हणून तिचा मार्ग त्यांच्यासाठी सगळ्यात निर्धोक. मुंबई–गोवा महामार्गावरचे कशेडीसारखे घाट ठेंगणे आहेत आणि आता कशेडीला बोगदाही झाला आहे, तरी गाडीने आणायचं असेल तर डॉक्टरांना मार्ग सांगून विचारा.

सगळ्याच ऑपरेशनांत वायू नसतो. कधी सिलिकॉन तेल भरतात, त्याला विमानाची अडचण नसते. कधी काहीच भरत नाहीत. मोतीबिंदूच्या साध्या ऑपरेशनानंतर तर डॉक्टर थोड्याच दिवसांत विमानाला परवानगी देतात. म्हणून ऑपरेशनची तारीख घेताना सर्जनना थेट विचारा: "वायू भरणार का? भरणार असाल तर कुठला आणि विमान किती आठवडे बंद?" काही रुग्णालयं अशा रुग्णाच्या मनगटावर पट्टा बांधतात, तो डॉक्टरांनी काढेपर्यंत काढू नये. भूल देण्याची पुन्हा वेळ आली तरी डॉक्टरांना तो पट्टा दिसायला हवा, कारण भुलीच्या एका वायूनेही हा बुडबुडा फुगतो.

आणि परतीचं रेल्वेचं तिकीट डॉक्टरांच्या उत्तराची वाट न बघता काढून ठेवा. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि चवथीच्या आधीच्या आठवड्यातल्या गाड्या उघडल्या उघडल्या भरतात. आईंचं वय नीट भरा, ज्येष्ठांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो. डॉक्टरांनी ऑपरेशनानंतर तोंड खाली करून, पालथं झोपायला सांगितलं असेल तर वरचा बर्थ चालणारच नाही. वायू भरला नाही आणि विमानाने जायला हरकत नाही असं कळलं तर रेल्वेचं तिकीट रद्द करता येतं, त्यात थोडेच पैसे कापले जातात. उलट बाजूने, चवथीच्या तोंडावर विमानाचं तिकीट हातात आहे आणि डोळ्यात वायू आहे, अशी वेळ आली तर त्या आठवड्यात कुडाळची बर्थ मिळत नाही.